बदली गाडी ऑटोमॅटिक मिळाली तर…

गेल्या पावसाळ्यात माझी गाडी डेंटिंग-पेंटिंगसाठी नऊ दिवस वर्कशॉपमध्ये होती. तेवढ्या दिवसांसाठी त्यांनी कर्टसी कार दिली, म्हणजे आपल्या भाषेत बदली गाडी. सगळ्यात वरचं मॉडेल, होते नव्हते तेवढे ऑप्शन भरलेले. ऑटोमॅटिक गिअर, बटण स्टार्ट, सनरूफ, चारी बाजूंना कॅमेरे, पुढे रडार. माझी स्वतःची गाडी साधी पाच गिअरची. अठरा वर्षं क्लच दाबत आलेल्या माणसाच्या हातात किल्ली ठेवून सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "काय नाही सर, गिअर टाकायचा नाही, नुसतं चालवायचं बघा." आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

अर्ध्या तासात गोगटे सर्कलजवळ पुढची रिक्षा थांबली आणि माझा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला. क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता, आणि क्लच दाबावा तसा तो तळापर्यंत दाबला गेला. गाडी जागच्या जागी खिळली. मागून दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेला दूधवाला येत होता. त्यानं मोटारसायकल कशीबशी आवरली, तरी एक कॅन बंपरला घासला, झाकण निसटलं आणि रस्त्यावर दूध सांडलं. "मधीच काय झालं हो?" एवढंच तो म्हणाला. दुधाचे पैसे मी दिले. पण तो पडला असता तर, हा विचार अजून मनातून जात नाही. म्हणून, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कुणाला अशी गाडी पहिल्यांदा मिळणार असेल, तर त्यानं काय करावं, ते क्रमानं सांगतो.

किल्ली घेण्याआधी

लायसन्सची काळजी नको. कारसाठीचं नेहमीचं एलएमव्ही लायसन्स गिअरच्या आणि ऑटोमॅटिक, दोन्ही गाड्यांना चालतं. गाडीचा आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहेत का, ते मात्र तिथंच बघा आणि कागदांचे फोटो फोनमध्ये ठेवा.

मग गाडीभोवती सावकाश एक फेरी मारून व्हिडिओ काढा. चारी दारं, चारी रिम, दोन्ही बंपरच्या खालच्या कडा, काच, आतला स्क्रीन, शेवटी किलोमीटर आणि इंधनाचा काटा. वरच्या मॉडेलच्या चकचकीत रिमवर फुटपाथला घासल्याचे ओरखडे हमखास असतात, आणि ते कुणी केले हा वाद परत देताना निघतो.

इन्शुरन्सबद्दल एक प्रश्न सरळ विचारा : काही लागलं तर क्लेममधली सक्तीची वजावट, म्हणजे कंपनी न देता आपल्याला भरावा लागणारा हिस्सा, कोण भरणार? खासगी कारला ती १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० रुपये असते. पण वर्कशॉपचा फॉर्म त्याहून जास्त रक्कम तुमच्या माथी मारू शकतो. तो फॉर्म बहुतेक वेळा इंग्रजीत असतो आणि सही करायची घाई असते. घाई करू नका. समजत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

आपल्या भागाचा म्हणून एक मुद्दा आहे, तो नीट ऐका. अशा फॉर्ममध्ये 'गाडी राज्याबाहेर नेऊ नये' अशी अट असू शकते. बंगळूरला बसून अट लिहिणाऱ्याला राज्याबाहेर म्हणजे लांबचा प्रवास वाटत असेल. आपल्याकडे हिंडलगा, सुळगा करत बाची ओलांडलं की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. बहिणीकडे तुडयेला जेवायला जाऊन आलात तरी अट मोडली. कायद्याची यात आडकाठी नाही. दुसऱ्या राज्यात गाडी सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तरच नव्या नोंदणीचा प्रश्न येतो. आडकाठी असते ती फॉर्मची. तेव्हा चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर किंवा गोव्याला जायचं असेल तर तसं फॉर्मवरच लिहून घ्या. मला तोंडी "चालतंय हो" म्हणाले होते, मी ते लिहायला लावलं.

फास्टॅगमध्ये पैसे कुणाचे, हेही विचारा. आपल्या गाडीचा टॅग सोबत नेऊन हत्तरगी किंवा हिरेबागेवाडीच्या टोलवर हातात धरू नका, तो आपल्या गाडीच्या नंबराशी बांधलेला असतो.

आणि पेट्रोल की डिझेल? आपली गाडी डिझेलची असली की पंपावर तोंडातून डिझेलच निघतं. टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, ते बघा आणि घरच्यांनाही सांगा.

यार्डातली पंधरा मिनिटं

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. रस्त्यावर जायच्या आधी वर्कशॉपच्या आवारात किंवा मागच्या मोकळ्या जागेत पंधरा मिनिटं काढा. मी काढली नाहीत, म्हणून तो दूधवाला पडता पडता राहिला.

आधी चपला. आपल्याकडे कोल्हापुरी घालून गाडी चालवणारे पुष्कळ. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजयपूर हे चार जिल्हेही त्यात आले. अथणीकडच्या कारागिरांच्या हाताला मिळालेली ती पावती आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. पण मागून मोकळी टाच आणि गुळगुळीत चामड्याचा तळ पावसात पॅडलवरून सटकतो. ऑटोमॅटिकमध्ये एकाच पायावर सगळा कारभार असतो. बूट घाला.

आता बसा. सीट इतकी पुढे घ्या की ब्रेक तळापर्यंत दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील. डावा पाय उचलून अगदी डावीकडच्या पायठेवणीवर ठेवा आणि तिथंच राहू द्या. मी दुसऱ्या दिवसापासून तो थोडा मागे, सीटच्या कडेला दुमडून घेत होतो. पहिले दोन दिवस ही युक्ती फार कामाची. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवा. ॲक्सिलरेटरसाठी टाच न उचलता फक्त पंजा उजवीकडे वळवायचा. घाबरल्यावर पाय आपोआप सरळ होतो आणि सरळ झाला की तो ब्रेकवरच पडला पाहिजे. ऑटोमॅटिकचे वाईट अपघात होतात ते ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबल्यानं, आणि गाडी पुढे उसळली की माणूस तोच पाय आणखी जोरानं दाबतो.

सुरू करताना ब्रेक दाबून मगच बटण. ब्रेक न दाबता बटण दाबलं तर दिवे आणि रेडिओ लागतात, इंजिन लागत नाही.

गिअरच्या दांड्याजवळची अक्षरं इंग्रजी असतात. 'पी' म्हणजे पार्क, 'आर' रिव्हर्स, 'एन' न्यूट्रल, 'डी' पुढे जायला. यापलीकडे 'एस', 'एल' किंवा 'एम' असतं, त्याचं घाटात बघू. 'डी' आणि 'आर' यांच्यात बदल करायचा तो गाडी पूर्ण थांबवून, ब्रेक दाबूनच. काही गाड्यांत दांडा नसून गोल चकती किंवा बटणं असतात. तेव्हा हाताच्या अंदाजावर जाऊ नका, काट्यांमधलं अक्षर वाचा आणि मग ब्रेक सोडा.

आता 'डी'मध्ये टाकून ब्रेक हळूच सोडा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. गाडी आपणहून सरकेल. याला क्रीप म्हणतात. गिअरच्या गाडीत अर्धा क्लच धरून जे करतो, ते इथं नुसत्या ब्रेकवर होतं. मोकळ्या जागेत पाच-सहा वेळा पुढे आणि तितक्याच वेळा मागे, फक्त ब्रेक सैल-घट्ट करत गाडी हलवा. पाय त्यात रुळला की गल्लीतलं निम्मं काम झालं.

इथं भरलेल्या गाडीतली एक खोच. ऑटो होल्ड नावाचं बटण चालू असेल तर ब्रेक सोडल्यावरही गाडी धरून ठेवते, सरकत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच सुटते. सिग्नलला हे सुखाचं आहे. पण पार्किंगमध्ये भिंतीपासून हातभर अंतरावर असताना गाडी हलेना म्हणून माणूस ॲक्सिलरेटर दाबतो आणि ती एकदम उडी घेते. तेव्हा पार्क करताना ऑटो होल्ड बंद. हँडब्रेकची दांडी शोधू नका, बहुधा त्याच बटणाशेजारी वर ओढायची छोटी पट्टी असते, तोच हँडब्रेक.

गिअरबॉक्स कुठला, ते विचारून घ्या

ऑटोमॅटिक म्हणजे सगळ्या सारख्या नाहीत. एएमटी म्हणजे आपलाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. गिअर बदलताना झोका बसतो, त्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सैल केला की झोका कमी होतो. तिच्यात बहुतेक वेळा 'पी' नसतो. गाडी गिअरमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून बंद करायची. सीव्हीटीत पट्टा आणि पुल्या असतात. जोरात दाबलं तर आवाज आधी चढतो, वेग मागून येतो. त्यात बिघाड नाही. टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी, सगळ्यात सोशिक. डीसीटी, म्हणजे दोन क्लचची, झपाट्यानं गिअर बदलते, पण कोंडीत इंच-इंच सरकवत राहिलं तर तिचे क्लच तापतात. गणपत गल्लीच्या गर्दीत पुढे गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एकदाच पुढे जा.

गावात

सिग्नलला थांबलात आणि इंजिन अचानक बंद पडलं तर गाडी बंद पडली असं समजून बटण दाबू नका. ते स्टार्ट-स्टॉप आहे, ब्रेक सोडला की इंजिन आपोआप चालू होतं. बटण दाबलंत तर मात्र खरोखर बंद करून बसाल. मागून हॉर्नचा मारा सुरू झाला की हे सुचत नाही, म्हणून आधी सांगितलं.

कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर कोंडीत थांबावं लागलं तर ब्रेकवरच थांबा. ॲक्सिलरेटर थोडा दाबून गाडी चढावर तोलून धरण्याची सवय असेल तर ती सोडा, एएमटी आणि डीसीटीचा क्लच त्यानं जळतो. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर गाडी दोन-एक सेकंद मागे येत नाही, तेवढ्यात पुढे निघायचं. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर पाच-दहा मिनिटं अडकलात तर 'पी' किंवा 'एन', हँडब्रेक, आणि पायाला विश्रांती.

शहापूर, वडगावच्या गल्ल्यांत चारी बाजूंचे कॅमेरे फार उपयोगी वाटतात, पण पूर्ण विश्वास नको. वरून दिसणारं चित्र जुळवलेलं असतं आणि जोडावरची वस्तू त्यात वाकडी दिसते. दारासमोरच्या उघड्या गटाराची कड मला स्क्रीनवर नुसती सावली वाटली. खाली उतरून पाहिलं तेव्हा चाक चार बोटांवर होतं. उतरून बघण्यात कमीपणा नाही.

किल्लीची गोष्ट तर प्रत्येकानं लक्षात ठेवावी. बटणाच्या गाडीत किल्ली खिशात असली की पुरते, आणि त्यामुळेच ती कुठं आहे हे विसरायला होतं. बायको खडेबाजारात उतरली, किल्ली तिच्या पर्समध्ये. गाडीनं टिंग-टिंग केलं, स्क्रीनवर काहीतरी आलं, मी दार नीट लागलं नसेल समजून पुढे गेलो. गाडी छान चालली, कारण चालू इंजिन किल्ली दूर गेली म्हणून बंद पडत नाही. कॅम्पात पोहोचून बंद केली आणि मग ती काही केल्या सुरू होईना. बायको रिक्षा करून किल्ली घेऊन आली. ज्याच्या हाती स्टिअरिंग त्याच्याच खिशात किल्ली, हा नियम करा. किल्लीतला सेल उतरला असेल तर बहुतेक गाड्यांत किल्लीच बटणाला टेकवून सुरू करता येतं.

धक्का स्टार्ट विसरा, ऑटोमॅटिक ढकलून सुरू होत नाही. बंद पडली तर दोरी बांधून ओढूही देऊ नका, चारी चाकं वर घेणारी फ्लॅटबेड मागवा. नाहीतर गिअरबॉक्सचा खर्च गळ्यात येईल.

हायवेला

निपाणीकडे निघालात की अडाप्टिव्ह क्रूझ लावायचा मोह होतो. वेग ठरवून दिला की पुढच्या गाडीचं अंतर राखत ती स्वतः वेग कमी-जास्त करते. एनएच ४८ वर दिवसा, कोरड्या हवेत, मोकळा रस्ता असताना लावून बघायला हरकत नाही, पाय ब्रेकजवळ ठेवून. रात्री मात्र नको, आणि उसाच्या हंगामात तर अजिबात नको. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, बाहेर लोंबणारे वाढे. ही वस्तू रडार-कॅमेऱ्याला वेळेत ओळखू येईलच, यावर मी माझ्या माणसांचा जीव टाकणार नाही. ज्यानं तशी ट्रॉली ऐनवेळी हेडलाइटमध्ये उगवलेली पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

लेन सांभाळणारं यंत्र पांढरे पट्टे बघून स्टिअरिंगला हलकी ओढ देतं. पहिल्यांदा हाताला ती जाणवली की वाटतं टायर पंक्चर झाला. इंडिकेटर देऊन लेन बदलली तर ती ओढ देत नाही. खानापूर, चंदगडच्या रस्त्यांवर पट्टे पुसलेले किंवा नाहीतच, तिथं ते बंद करून टाका. आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक मात्र चालू ठेवा. गावातल्या गर्दीत तो कधी दचकवेल, पण एखाद्या दिवशी माणूस वाचवेल.

ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर निश्चयानं दाबा. गाडी खालचा गिअर घेते, त्यात क्षणभर जातो आणि मग ताकद येते. तो क्षण आधीच हिशेबात धरा. समोरून गाडी दिसत असताना 'घेईल ती' म्हणून निघू नका. आणि 'मुंदे रस्ते उब्बु इदे' असा कानडी फलक दिसला की पाय ब्रेकवर : पुढे स्पीडब्रेकर आहे. पाय उचलल्यावर गाडी गिअरच्या गाडीइतकी आपणहून मंदावत नाही.

घाटात

तवंदी किंवा वंटमुरीला हे थोडं लागतं, पण जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याला उतरताना नक्की लागतं. आपण दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर गाडी धरून उतरतो. ऑटोमॅटिक 'डी'मध्ये वरचा गिअर घेऊन मोकळी धावते, आणि माणूस सारखा ब्रेक दाबत राहतो. साखळीच्या अंगाला पोहोचेपर्यंत ब्रेक तापून जळका वास येतो, पॅडल मऊ लागतं. तसं होऊ देऊ नका. उतार सुरू होण्याआधीच दांडा 'एम'मध्ये घेऊन 'वजा'कडे ढकला, किंवा स्टिअरिंगमागची डावी पाती ओढा, आणि दुसरा-तिसरा गिअर धरा. सीव्हीटीत 'एल' असतं. इंजिनाचा आवाज चढेल, चढू द्या, तेच गाडी धरतंय. उतारावर 'एन' कधीच नाही. पावसात चोर्ल्याला धुकं दाटतं, तेव्हा क्रूझ आणि लेनचं यंत्र बंद आणि काच किंचित खाली, म्हणजे वळणापलीकडचा हॉर्न ऐकू येतो. सनरूफमधून मुलांना उभं करायचं नाही, घाटात नाही आणि घाटाबाहेरही नाही.

उतारावर गाडी लावताना क्रम महत्त्वाचा : ब्रेक धरून 'एन', मग हँडब्रेक, मग पाय उचलून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, पुन्हा ब्रेक दाबून 'पी', शेवटी बंद. थेट 'पी'त टाकून पाय काढला तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या लोखंडी दातावर पडतो, आणि निघताना 'खट्' असा आवाज येतो.

परत देताना

फोन ब्लूटूथला जोडला असेल तर स्क्रीनवर जाऊन तो काढून टाका. आपले नंबर, कॉल आणि नकाशातला घरचा पत्ता पुढच्या माणसाच्या हाती जायला नको. टोलच्या आणि प्रवासाच्या तारखा लिहून ठेवा, कारण ई-चलान गाडीमालकाच्या नावानं महिन्यानंतरही येतं. लागलेलं काही असेल तर स्वतःहून दाखवा. कॅनमुळे बंपरवर उठलेली चंद्रकोरीएवढी खरवड मी दाखवली आणि तिचे पैसे भरले. रिमवरचे जुने ओरखडे माझ्या नावावर टाकू पाहत होते, तेव्हा पहिल्या दिवशीचा व्हिडिओ पुढे केला.

मग आपली गाडी मिळते, आणि तिथं शेवटची काळजी घ्या. नऊ दिवसांत डावा पाय आळसावलेला असतो. सुरू करण्याआधी क्लच दाबा आणि दांडा न्यूट्रलला हलवून बघा. पहिल्या सिग्नलला नुसता ब्रेक दाबून थांबलात तर गाडी गचका खाऊन बंद पडेल. चढावर तिला कुणी धरून ठेवणार नाही, हँडब्रेक ओढूनच निघा.